शेषरावआबांची डासपट्टी

आमच्या कॉलनीत पाहुणा घरी आला की आधी पाणी पितो, मग ख्यालीखुशाली विचारतो. शेषरावआबा यातलं काहीच करत नसत. चपला दारात काढायच्या, "हायत का घरात?" एवढं म्हणायचं आणि उत्तराची वाट न बघता सरळ मागच्या मोरीकडे चालू लागायचं. तिथल्या निळ्या ड्रमावर हातातल्या पंचानं टक टक करायचं, झाकण उचलायचं आणि चष्मा कपाळावर सरकवून आत डोकवायचं. पंच म्हणजे एसटीचे कंडक्टर पूर्वी तिकिटं टोचायचे ना, तो लोखंडी चिमटा. आबांची सगळी नोकरी पैठणच्या गाड्यांवर कंडक्टर म्हणून गेली. निवृत्त होताना सरकारी पंच डेपोत जमा करावा लागला, तर हात रिकामा राहवेना म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून दुसरा विकत आणला.

मी या कॉलनीत किराणा दुकान टाकलं त्याच आठवड्यात ते असे घरात घुसले. मला वाटलं, मीटर बघायला माणूस आलाय. मागं जाऊन बघते तर हे माझ्या ड्रमात वाकलेले. काय पाहिजे, म्हणून मी जरा घुश्शातच विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बाई, तुमच्या गाडीत बिगरतिकिटाचे प्रवासी लई झालेत." पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मग त्यांनी माझ्याकडून एक जुनी ओढणी मागून घेतली, दुहेरी करून ड्रमाच्या तोंडाला बांधली, वर झाकण बसवलं आणि ओट्यावर टेकत म्हणाले, "आता चहा टाका." पहिल्याच भेटीत अनोळखी बाईला चहा टाका म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. टाकला मी. न टाकून सांगते कुणाला!

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, या म्हाताऱ्याला लोकांच्या पाण्यात डोकवायची ही काय हौस? तर आमची कॉलनी हर्सूलच्या बाजूला, आणि नळाला पाणी येतं आठवड्यानं. नशीब जोरावर असलं तर. त्यामुळं घर तिथं ड्रम, घर तिथं हौद. ऐपतदाराला गच्चीवर टाकी, बाकीच्यांना रांजणापासून बालदीपर्यंत जे मिळेल ते. मुलीला स्थळ बघायला गेलेली माणसं आमच्याकडे मुलाच्या पगाराआधी हौद केवढा आहे ते विचारतात. आणि साठवलेल्या पाण्यावर डासांचं प्रेम किती, ते माझ्या दुकानात येऊन बघावं. पावसाळा लागला की साखरेपेक्षा मच्छर अगरबत्तीच जास्त खपते.

आबांची सगळी अक्कल आणि सगळा हट्ट तिकिटातून आलेला. "गाडीत बसला, त्यानं तिकीट काढलं पायजे," हे त्यांचं वाक्य लग्नाच्या जेवणावळीपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत कुठंही चालायचं. त्यांच्या बायकोनं, पार्वतीकाकूंनी, मला सांगितलेला किस्सा आहे. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. काकूंचे वडील मोसंबीचं पोतं घेऊन लेकीकडे निघाले आणि मुद्दाम जावयाची गाडी धरून ऐटीत पुढच्या सीटवर बसले. आबांनी सासऱ्याला वाकून नमस्कार केला, तब्येत विचारली आणि तिकीट फाडलं. सासरे हसले, त्यांना गंमत वाटली. मग आबांनी पोत्याचंही तिकीट फाडलं. सासरे लेकीच्या घरी पोचले ते तोंड पाडूनच, आणि ती सगळी मोसंबी त्यांनी शेजाऱ्यांत वाटून टाकली. काकू हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या. नवऱ्यावर चिडायचं असलं की मात्र हीच मोसंबी बाहेर काढायच्या.

या काकूंना एका दिवाळीच्या तोंडावर डेंग्यू झाला. पेशी भराभर खाली गेल्या. आबा दवाखान्याच्या बाकावर पंच हातात घेऊन नुसते बसून असायचे, टक टकसुद्धा करत नव्हते. तसा गप्प बसलेला माणूस बघवत नव्हता. काकू वाचल्या, घरी आल्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी पलंगाखालची सुटकेस ओढून बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी उभी केली. आबांना त्यांनी माझ्यासमोरच बजावलं, "एक पावसाळा बघते. डास हटले तर ठीक. नायतर हे घर विकायचं आन् विलासकडं जायचं." विलास त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला नोकरीला. त्याच्या फ्लॅटमध्ये नळ सोडला की पाणी येतं, हे काकूंनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आमच्याकडच्या बाईला एवढं दृश्य पुरे असतं.

आबांना पुणं म्हणजे काळं पाणी. दुकानाच्या पायरीवर बसून मला म्हणाले, तिथं लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडं बघतसुद्धा नाहीत, मी कुणाच्या मोरीत जाऊ? मी हसले, पण ते हसत नव्हते. घर राहणार की जाणार, हे आता डासांवर ठरायचं होतं.

तिथून डासपट्टी निघाली. आमच्या कॉलनीत घरांच्या मधेमधे मोकळे प्लॉट आहेत. मालक कुणी पुण्याला, कुणी मुंबईला, एक तर दुबईला. भाव वाढायची वाट बघत सगळे निवांत. प्लॉटात पायासाठी खणून ठेवलेले खड्डे, फुटके टायर, करवंट्या, लग्नातले प्लास्टिकचे ग्लास. पाऊस पडला की एकेका प्लॉटाचं तळं होतं. आबांचं म्हणणं असं, की सोसायटीनं जागेच्या प्रत्येक मालकावर वर्षाची डासपट्टी बसवावी. घर असो की मोकळी जमीन. त्या पैशातून खड्डे बुजवायचे, नाली वाहती ठेवायची, साचल्या पाण्यात गप्पी मासे सोडायचे, फवारणीला माणूस लावायचा. "यष्टीत खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरत्यात ना, तसे हे प्लॉटवाले," ते म्हणायचे. "मानूस गाडीत नाय, पर सीट अडलेली. मंग रुमालाचंबी तिकीट काढा."

मी विरोधात होते. स्वच्छ सांगते, धंदा बुडेल म्हणून नव्हे. तसं आबा सगळ्यांना सांगत फिरायचे. मी घरपट्टी भरते, पाणी येवो न येवो पाणीपट्टी भरते. डास मारणं त्यातच येत नाही का? एकाच कामाचे दोनदा पैसे द्यायचे तर मग पहिले कशाचे दिले? शिवाय घरमालक ही पट्टी गुपचूप भाड्यात घालणार, म्हणजे भुर्दंड शेवटी भाडेकरूलाच. समोरच्या नसीमआपा ब्लाउज शिवतात, त्यांच्या दारात स्वतःचं बोअर आहे. त्यांचा मुद्दा निराळाच. "आबा, बात सही है तुमची," त्या मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "पर माझ्याकडं ना ड्रम, ना हौद. बोअरचं बटन दाबते, पानी घेते. मी कायको भरू?" आबा म्हणाले, डास तुमच्या दारात येताना विचारून येतो का, की आपा, बोअर हाय का? आपांनी कात्री दाखवली आणि विषय तिथंच थांबला.

खरी अडचण वेगळी होती. कॉलनीतला सगळ्यात वाईट प्लॉट म्हणजे माझ्या दुकानाशेजारचा, कोपऱ्यावरचा. आणि तो होता विलासचा. चांगला भाव येईल म्हणून त्यानं हौसेनं घेतला, तार मारली आणि पुण्याला निघून गेला. ही गोष्ट अख्ख्या कॉलनीला ठाऊक होती आणि आबांसमोर कुणी काढत नव्हतं. ते फावडं घेऊन जमेल तेवढं पाणी काढून द्यायचे, पण एका पावसात पुन्हा तळं. विलासला फोन केला की तो म्हणायचा, आबा, आपलंच तर आहे, आपल्यालाच कसली पट्टी? आबा फोन ठेवून देत. काकू म्हणत, आता लेकाच्या पोत्याचंबी तिकीट फाडा.

सोसायटीचे चेअरमन साहेब गोड बोलून प्रकरण गुंडाळायच्या बेतात होते. त्यांनी जाहीर सांगून टाकलं, की डास प्लॉटात होत नाहीत, लोकांच्या उघड्या ड्रमांत होतात; लोकांनी आधी आपापली घरं बघावीत, मग मालकांच्या खिशाकडे. आबांना ते झोंबलं. पावसाळ्यातली मीटिंग आठवड्यावर आली होती. त्याआधी कॉलनीतला एकेक ड्रम, एकेक रांजण रिकामा करून, घासून, वाळवून दाखवतो, मग बोला, असं त्यांनी सांगितलं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्यवाले नेहमीच ओरडतात आणि आम्ही नेहमीच हसतो, कारण आठ दिवसांचं पाणी ओतून द्यायला आमचं डोकं फिरलेलं नाही. आबांनी त्यावर तोड काढली. पाणी यायच्या दिवशी सकाळी सगळं रिकामं करायचं. तासाभरात नळ येईल, घासल्या भांड्यात ताजं पाणी भरायचं. पाणी सोडणाऱ्या लाइनमनला गाठून त्यांनी दिवस पक्का केला आणि घरोघर टक टक करत सांगून आले.

ती सकाळ म्हणजे दिवाळीच होती. अंगणाअंगणांतून ड्रम आडवे पडलेले, आत पोरं घुसून काथ्यानं घासतायत, बायका पदर खोचून हौदात उतरल्यात. शिळ्या पाण्याची नदी रस्त्यानं वाहतेय. आबा मधोमध उभे राहून ड्रायव्हरला गाडी मागं घ्यायला सांगावं तसे हात हलवत होते. "पालथं घाला! थेंब राह्यला नाय पायजे!" मीही नको नको म्हणत माझे दोन्ही ड्रम पालथे घातले. सगळं चकचकीत करून कॉलनी नळाजवळ बसली. नळानं एकदा फुस्स केलं, हवा सोडली आणि गप्प झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पाणी आलं का' सुरू झालं. दुपारी कळलं, वरच्या बाजूला कुठंतरी मोठी लाइन फुटलीय आणि पाणी कधी येईल ते कुणालाच माहीत नाही.

घासून पुसून लख्ख केलेली एक अख्खी कॉलनी, आणि प्यायला घोटभर पाणी नाही. असला पराक्रम आमच्याशिवाय कोण करणार? लोक काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. काकूंनी सुटकेस उघडली, घड्या घालून लुगडी ठेवायला सुरुवात केली. आणि आबा? मला वाटलं, दार लावून बसतील. ते नसीमआपांच्या बोअरवर गेले. आपांनी मशीन बंद केलं, लांब पाइप जोडला आणि सगळ्या कॉलनीची रांग दारात लावून घेतली. विजेच्या बिलाचं काय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, तहानेला काय बिल असतं का, हट. आबा त्या रांगेतून बालद्या उचलून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी पोचवत होते. बायका वाट्टेल ते बोलायच्या, आणि ते "व्हय, चुकलंच माझं, पाय जरा बाजूला घ्या" म्हणत बालदी ठेवायचे.

मला राहवलं नाही. लाइन फुटली त्यात तुमचा काय दोष, उलटून बोला की जरा, असं मी म्हटलं. त्यांनी बालदी खाली ठेवली, घाम पुसला. "बाई, गाडी ब्रेकडाऊन झाली की डायव्हर बॉनेटमधी डोकं घालून उभा ऱ्हातो. शिव्या कंडक्टरनंच खायच्या असत्यात. प्रवाशाला कुणीतरी समोर लागतंय ना."

पाणी नाही ते नाहीच आलं, आणि मीटिंगचा दिवस उजाडला. संध्याकाळी सगळे सोसायटीच्या शेडखाली जमलो, चिडलेले आणि कळकट. वर पावसाचा टिपूस नव्हता, आदल्या आठवड्यात पडून प्लॉट भरून गेला होता तेवढाच. पुण्या-मुंबईचे मालक मोबाईलवर हजर होते. चेअरमन साहेबांच्या भाषणाला टाळ्या फार पडत होत्या, पण त्या डासांवर. मोबाईलमधून विलास बोलला, आणि पोरगं वाईट बोललं असं नाही म्हणणार मी. तो म्हणाला, माझ्या जागेत घर नाही, माणूस नाही, मी तिथं राहत नाही, डास मला चावत नाही, मग पैसे मी का भरायचे? बऱ्याच माना डोलल्या. आबा उठले. रुमालाची गोष्ट सांगतील असं वाटलं, पण समोर मुलाचा चेहरा बघून शब्दच फुटेना. आयुष्यभर भरल्या गाडीत ओरडलेला माणूस शेडखाली नुसता पंच हलवत उभा होता.

तेव्हा काकू उठल्या. आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच चारचौघांत आल्या होत्या. दंडावर बसलेला डास त्यांनी चापट मारून चिरडला आणि तो तळहात चेअरमन साहेबांपुढं धरला.

"साहेब, तुम्ही म्हनलात डास ड्रमात व्हतो," त्या म्हणाल्या. "आज कॉलनीत कुनाच्या घरी ड्रमात थेंब हाय का? ह्यांच्या किरपेनं समदे ड्रम वाळून खंक पडलेत. मंग ह्यो कुठनं आला?" काकूंनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं संध्याकाळच्या उजेडात तळ्यावर डासांचा ढग दिसत होता. "आमच्या पोराच्या प्लॉटातनं आला. मी मरायला टेकले व्हते ते त्याच्यामुळं. विलास, ऐकतोस ना? भर पट्टी."

मोबाईलमधून विलास म्हणाला, भरतो आई. त्यानंतर मतदान म्हणजे नुसता उपचार. नसीमआपांनी हात वर केला आणि वर सांगितलं की बोअरवाल्यांनाही वगळू नका, नाहीतर उद्या सगळेच बोअर घेतील. मी एकटीनं विरोधात हात वर केला. आजही माझं तेच मत आहे, एका कामाचे दोनदा पैसे घेणं बरोबर नाही. एकच मागणी मी पदरात पाडून घेतली, की पट्टी भाड्यात घालायची नाही. आबांनी सगळ्यांत आधी आपल्या मागच्या खोल्यांच्या भाडेकरूंना तसा शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं, इतक्या जोरात की नळाच्या तोट्या उडाल्या. आणि आबा माझ्या दुकानात हजर. "विरोध लई झकास केला, बाई. आता तिकीट काढा." मी भांडत भांडत पैसे दिले. त्यांनी माझी पावती पंचानं टोचली, तेव्हा कुठं त्यांच्या जिवाला बरं वाटलं. डास काही संपले नाहीत. डास कुठं संपतात? पण खड्डे बुजले, नाली वाहू लागली, आणि त्या पावसाळ्यात कॉलनीतलं कुणी पेशी मोजायला दवाखान्यात गेलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी सुटकेस पुन्हा पलंगाखाली ढकलली. मी विचारलं तर म्हणाल्या, पायात येत व्हती.

आबा गेले ते गेल्या हिवाळ्यात, झोपेत, म्हातारपणानं. डासाला ते श्रेय त्यांनी मिळू दिलं नाही. मला फार चुकल्यासारखं होतं अजून. दुकानाच्या पायरीकडे नजर जाते आणि ती रिकामी असते.

तेराव्यानंतर विलासनं गाडी दारात लावली. आता आईला एकटी ठेवणार नाही, म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. काकूंची सुटकेस डिकीत गेली. निरोप घ्यायला जायचं म्हणून मी तोंडावर पाणी मारत होते, एवढ्यात मागच्या मोरीत टक टक झालं. जाऊन बघते तर पार्वतीकाकू. हातात पंच, चष्मा कपाळावर, माझ्या ड्रमात वाकलेल्या.

"सुमन, ओढणी फाटलीय तुझी," त्या म्हणाल्या. "दुसरी दे."

मी ओढणी शोधून आणली. त्यांनी ती दुहेरी केली, बांधली, झाकण बसवलं. तेवढ्यात त्यांना शोधत विलास आला, आई, उशीर होतोय, म्हणू लागला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं.

"तुझ्या प्लॉटाच्या मागल्या अंगाला खड्डा खचलाय. नालीचं पानी साचतंय. फावडं घराच्या मागं हाय. आधी ते बुजव, मंग पुन्याचं बघू."

विलासनं बाह्या सरसावल्या आणि तो फावडं आणायला गेला. काकू ओट्यावर टेकल्या आणि मला म्हणाल्या, "आता चहा टाक."

टाकला मी. विलासचाही टाकला. संध्याकाळी सुटकेस डिकीतून काढून त्यानंच घरात नेली.